दीड वडा

पितृपक्षातली पंचमी म्हणजे आमच्याकडे सासऱ्यांची तिथी. त्या दिवशी घरात काय काय शिजतं ते सांगायला नको खरं तर, पण सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच उभं आहे. तांदळाची खीर, भरडाचे वडे, गवार, लाल भोपळा, कारल्याच्या काचऱ्या, अळूवडी, कढी, आमसुलाची चटणी. आणि हे सगळं ज्या घरात शिजलं त्या घरातल्या सुनेच्या पित्ताशयात तीन खडे, त्यातला मोठा 14 मिलिमीटरचा, आणि ऑपरेशनची तारीख अकरा दिवसांवर.

तूप, तळलेलं, साय, खोबरं सगळं बंद होतं. तीन महिने मी शहाण्यासारखी वागले होते. दुपारी पानावर बसले तर सासूबाई म्हणाल्या, "एक वडा तरी घे गं, त्यांच्या नावाचा आहे." त्यांच्या नावाचा म्हटल्यावर काय करणार, अर्धा घेतला. तिथेच थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. रात्री साडेनऊला ओटा आवरताना डब्यात चार वडे उरलेले, गार झालेले, थोडे चिवट झालेले (आणि ज्याला शिळ्या वड्याची गोडी माहीत आहे त्यालाच कळेल), वाटीच्या तळाशी आमसुलाची चटणी, घरात सगळे टीव्हीसमोर. उभ्याउभ्या एक खाल्ला. वर दोन चमचे खीर. कुणी बघितलं नाही.

पित्ताशयाने बघितलं.

आता हे ऑपरेशन लांबवर का ठेवलं होतं तेही सांगून टाकते, कारण ज्याला कळलं त्याने मला वेड्यात काढलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली, जुन्या ऑफिसचं ग्रुप कव्हर गेलं म्हणून स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी काढली. बऱ्याच पॉलिसीत एक यादी असते, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे वगैरे, त्यांना दोन दोन वर्षं थांबावं लागतं, मधे काही झालं तर खर्च आपला. माझी दोन वर्षं याच पितृपक्षातल्या नवमीला पूर्ण होत होती. सर्जनला विचारलं, थांबू का? ते म्हणाले, सध्या त्रास नाहीये, थोडे आठवडे थांबलात तर चालेल, पण ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणं काही तासांत थांबलं नाही तर पॉलिसीकडे बघायचं नाही, सरळ यायचं. मग नवमीनंतर लगेच तारीख घ्यायची होती तर सासूबाई म्हणाल्या पितृपक्षात पोटाला कात्री नको. तिकडे सर्जनची रिसेप्शनिस्ट फोनवर म्हणते, "मॅडम, पितृपक्षात घ्या ना, सगळे स्लॉट रिकामे आहेत." एकीकडे पितर, एकीकडे पॉलिसी, शेवटी घटस्थापनेचा दुसरा दिवस ठरला.

साडेअकराला सुरू झालं. आधी छातीच्या खाली मधोमध कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं, मग ते उजवीकडे बरगडीखाली सरकलं, मग मागे, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली. पोटातलं दुखणं खांद्यात कसं जातं हे मी आधी ओपीडीत विचारलं होतं. तर पोट आणि छातीच्या मधे जो पडदा असतो ना, श्वासाचा, त्याची नस मानेतून खाली येते आणि खांद्याच्या नसा पण तिथूनच निघतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. म्हणजे माझं पित्ताशय बेल वाजवत होतं आणि दार खांद्याचं उघडत होतं.

आपण "कळ" म्हणतो पण कळ येते आणि जाते. ही आली आणि बसली. पाहुणा चप्पल काढून, पाय वर घेऊन बसतो तशी. उताणं झोपून बघितलं, कुशीवर, वज्रासनात, गुडघ्यात डोकं घालून, गरम पाण्याची पिशवी घेऊन, शेवटी बाथरूममधल्या गार फरशीवर पाठ टेकून. एकदा उलटी झाली, कडू हिरवट. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "पित्त पडलं ना, आता बरं वाटेल." बरं काही वाटलं नाही.

आणि हे जे पित्त आहे ना मराठीतलं, त्यावर मला एकदा बोलायचंच होतं. आपल्याकडे ॲसिडिटी झाली की पित्त झालं. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. डोकं दुखलं की पित्त चढलं. कुणी चिडलं की पित्त खवळलं. आणि खरं पित्त, जे लिव्हरमध्ये तयार होतं आणि त्याच्या खाली चिकटलेल्या पिशवीत साठतं, त्याच्यासाठी वेगळा शब्दच उरत नाही. पिशवी तरी केवढी, 30 ते 50 मिली, कटिंग चहा पण त्यात नीट मावणार नाही. आपण तूपतेल खाल्लं की आतड्याकडून निरोप जातो आणि ही पिशवी आवळून पित्त खाली सोडते. आवळताना एखादा खडा तोंडाशी बूच बसल्यासारखा अडकला की झालं. पोटातल्या ॲसिडचा याच्याशी काही संबंध नाही. पण दोन वर्षं मी अधूनमधून "पित्ताचा त्रास आहे" म्हणत सूतशेखर, मोरावळा आणि गुलाबी औषधाच्या बाटल्या संपवल्या, आणि गंमत म्हणजे शब्द बरोबर होता हो, त्रास पित्ताचाच होता!

खडे निघाल्यावर तर सल्ल्यांचा पाऊस. निम्म्या लोकांना मुतखडा वाटला, त्यामुळे कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, भरपूर पाणी आणि एका भाच्याकडून बिअर. उरलेल्यांनी सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह ऑइल, सकाळी हिरवे खडे पडतात म्हणे, फोटोसकट. सर्जन हसले होते, म्हणाले ते खडे नसतात, तेलाचे आणि रसाचे पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात.

बाथरूमच्या फरशीवर असताना लेक दाराबाहेर, बारावीचं पुस्तक हातात तसंच. "आई, 108 ला फोन करू?" मी म्हणे थांब, कमी होतंय. अर्ध्या तासाने पुन्हा, करू? थांब. खरं सांगायचं तर कमी काही होत नव्हतं, मी नवमीपर्यंतचे दिवस मोजत होते. चार. चार दिवस. आज ऑपरेशन करावं लागलं तर एक लाख दहा हजार, एस्टिमेटचा कागद फाइलमध्ये होता, लेकाच्या क्लासचा दुसरा हप्ता पण त्याच महिन्यात. पोटात सुरी फिरल्यासारखं होतंय आणि डोक्यात बेरीज-वजाबाकी चालू आहे. नवरा हैदराबादला ऑफिसच्या कामासाठी, त्याचा फोन लागला तर तो दुसरं काही बोललाच नाही, "निघालीस का?" एवढंच तीन वेळा. एक वाजायला आला तेव्हा सासूबाई, ज्या पितृपक्षात कात्री नको म्हणत होत्या त्याच, लेकाला म्हणाल्या, "जा रे, समोरच्या काकांना उठव."

समोरचे काका म्हणजे मध्य रेल्वेतून रिटायर, वय 76, एकटेच राहतात. बनियनवर शर्ट चढवून बटणं लावतच आले, हातात गाडीची किल्ली. पहिला प्रश्न, "फाइल घेतली का?" लेकाला म्हणाले तू आजीपाशी थांब, परीक्षा आहे तुझी.

रात्री एकला ठाण्याचा घोडबंदर रोड ज्याने बघितलाय त्यालाच माहीत. दिवसा गाड्या तुंबलेल्या, रात्री ट्रेलर सुटलेले. कासारवडवलीहून निघालो तर दोन्ही बाजूंनी ते बारा-चौदा चाकांचे राक्षस, मधे मेट्रोचे खांब, आणि त्यातून काकांची जुनी वॅगनआर ताशी तीसने. फ्लायओव्हर घेणार नाहीत, का तर वर ट्रेलर मागे लागतात. म्हणजे वाघबीळला खालून, पातलीपाड्याला खालून, मानपाड्याला खालून, आणि रस्त्यात कुणी चिटपाखरू नसताना सिग्नलला थांबणार. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून आवाज निघायचा आणि प्रत्येक वेळी काका "सॉरी बाळा" म्हणायचे, जसा काही खड्डा त्यांनी खणलाय. मला चिडायला पण येईना. एरवी माझं पित्त, म्हणजे दुसरं पित्त, लगेच खवळतं.

कॅज्युअल्टीत आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, हिंदीवाला, पंचविशीतला, डोळे तारवटलेले. "क्या हुआ?" माझ्या तोंडून निघालं, पित्त का स्टोन. "पित्त मतलब ॲसिडिटी?" नाही हो, म्हणजे नहीं, गॉल ब्लॅडर. फाइल उघडून सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितल्यावर तो एकदम जागा झाला. उजव्या बरगडीखाली बोटं रुतवून म्हणाला लंबी सांस लो. घेतली, आणि अर्ध्यातच श्वास अडकला, कुणी कापून टाकल्यासारखा. तो मान हलवून सिस्टरला काहीतरी बोलला, त्यात मर्फी का मर्फीज असं ऐकू आलं. मला त्या अवस्थेत आमच्या माहेरचा मर्फी रेडिओ आठवला! तर हा मर्फी अमेरिकेतला सर्जन, त्याच्या नावाने ही तपासणी, हे मला नंतर कळलं.

सिस्टर मात्र आपली, बोलण्यावरून कोकणातली. शीर शोधता शोधता विचारते, "ताई, दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं बाळंतपण दहा धरायचं का? "धरा." मग नऊ. आणि ती लिहिता लिहिता, "रात्री जेवलात काय?" एक वडा. तिने नुसतं बघितलं. दीड, मी म्हटलं. "श्राद्धाचा ना? या पंधरवड्यात तुम्ही तिसऱ्या."

मग ईसीजी, कारण वरच्या पोटात एवढं दुखतं तेव्हा आधी हार्ट नाही ना ते बघतातच, छातीवर ते गार फुगे लावून. तिसऱ्या प्रयत्नात इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची शिरेतली नळी, लागलं, रक्त गेलं तपासायला, लिव्हरचं, लायपेज म्हणून स्वादुपिंडाचं, कारण खडा घसरून खालच्या नळीत गेला तर कावीळ होते नाहीतर स्वादुपिंड सुजतं, आणि ते प्रकरण फार वाईट. दोन इंजेक्शनं आणि सलाईन. काही खायचं-प्यायचं नाही, पाणी पण नाही.

पडद्यापलीकडे एक डिलिव्हरी करणारा मुलगा, गाडीवरून पडलेला, तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की ऑर्डर कॅन्सल नाही झाली, त्याचे पैसे मिळतील ना. ते ऐकून मला कसंतरीच झालं, कारण मी पण तेच करत होते, फक्त मनात. तेवढ्यात काका काउंटरवरून परत आले. तिथल्या पोराने विचारलं होतं मेडिक्लेम आहे का. काकांनी खरं ते सांगितलं, "आहे, पण चार दिवसांनी." तो म्हणाला मग काका डिपॉझिट भरा, आणि काकांनी स्वतःच्या कार्डाने भरून टाकलं. मी काही बोलणार तर म्हणाले, "गप पड."

कधी कमी झालं ते कळलंच नाही. म्हणजे दुखणं सुरू होतानाचं मिनिट मला सांगता येईल, संपतानाचं नाही. एकदम लक्षात आलं की आपण छताच्या ट्यूबलाइटभोवती फिरणारा किडा बघतोय बराच वेळ.

तीनच्या सुमाराला काका स्टुलावर बसून आपणहून बोलायला लागले. काकूंचं पण हेच झालं होतं म्हणे, 1988 साली. तेव्हा पोट उघडायचे, बरगडीखाली वीतभर टाके, दहा दिवस हॉस्पिटलात, नंतर दोन महिने वाकायचं नाही, कळशी उचलायची नाही. "आमचं पोरगं तेव्हा चार वर्षांचं, ते म्हणायचं आईला उसवलं." मी त्यांना सांगितलं, सर्जननी मला सांगितलेलं, की दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं पहिलं ऑपरेशन आपल्याकडे 1990 ला झालं, मुंबईत, जे.जे. मध्ये, डॉक्टर टेहेमटन उडवाडियांनी केलं. जगात पण त्याला पाचच वर्षं झाली होती, 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहं नावाच्या सर्जनने पहिल्यांदा केलं होतं. काका गप्प बसले. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "दोनच वर्षं." आणि जरा वेळाने, "पण ती थांबणारी नव्हती. दुखलं की लगेच म्हणायची चला."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली, वेगळ्याच आजाराने. काका म्हणाले, "नवमीला तुलाच बोलावणार होतो सवाष्ण म्हणून. तू आता काय जेवणार."

अविधवा नवमी. माझ्या डोक्यात नवमी म्हणजे तीन महिने फक्त पॉलिसीची तारीख होती.

चार वाजता रिपोर्ट आले. लिव्हर ठीक, लायपेज ठीक, पांढऱ्या पेशी जराशा वर पण काळजीचं नाही, ताप नाही. खडा बहुतेक तोंडाशी अडकून परत मागे पडला होता. आरएमओने सर्जनला झोपेतून उठवून फोन केला, सकाळपर्यंत बघू, दुखलं नाही तर घरी, परत दुखलं तर तारीख-बिरीख विसरा. साडेसातला सर्जन स्वतः आले, पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी परत करून घेतली. मग म्हणाले, "वडा कुठून आला?" म्हणजे केसपेपरवर लिहिलेलं होतं. दीड.

बिल आठ हजार चारशे. काकांनी गाडीत बसताना सांगितलं की मला परत द्यायची घाई करू नकोस, आणि परतीच्या वाटेवर पण सगळे सिग्नल पाळले, तेव्हा मात्र माझी काही तक्रार नव्हती. मानपाड्याला उजेडात बघितलं तर रस्त्यात तो खड्डा, रात्रीचा, खरंच केवढा होता.

घरी आल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. डब्यातले तीन वडे दिसले नाहीत, विचारलं तर म्हणाल्या लेकाने खाल्ले. नंतर लेक म्हणाला आजीने सकाळीच सगळे गाईला घालून टाकले. दुपारी त्यांनीच फोन करून रिसेप्शनिस्टला विचारलं की अलीकडची तारीख आहे का. मी ऐकत होते आतून. पण नेमका तेव्हाच सर्जन आठवडाभर बाहेरगावी कॉन्फरन्सला जात होते, म्हणजे तारीख तीच राहिली. माझ्या नशिबात थांबणंच आहे. रिकामे स्लॉट होते तेव्हा आम्ही नको म्हणालो, हे त्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या.

पुढचे दिवस मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी. लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "काय गं, रात्री पित्त झालं होतं म्हणे? धण्याचं पाणी घे रात्री भिजवून." मी तोंड उघडलं, पिशवी, खडे, 30 ते 50 मिली, सगळं सांगायला. मजला आला. म्हटलं हो, घेते.

नवमीला सकाळी सव्वानऊला पॉलिसीचा मेसेज आला, रिन्यू झाल्याचा, थँक्यू वगैरे. साडेबाराला काकांकडे गेले. त्यांनी स्वयंपाकाला बाई लावली होती, त्यांनी वडे-खीर केलेली, पण माझ्या पानात वरणभात, तूप नाही, बाजूला मीठ-लिंबू आणि तेल न घालता केलेली दुधीची भाजी. काकूंच्या फोटोपुढच्या पानात मात्र सगळं. ओटी भरायला काकांना येईना, तांदूळ सांडले, तर सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या त्यांनी हात धरून भरायला लावली.

जेवण झाल्यावर काका आत गेले आणि कपाटातून एक छोटी काचेची बाटली घेऊन आले, इंजेक्शनची असते ना रबराच्या बुचाची, तसली. आत काकूंचे खडे. तेव्हा हॉस्पिटलवाले द्यायचे म्हणे, बघा काय होतं पोटात. पाच होते, पिवळट तपकिरी, कडा घासून घासून एकमेकांना जुळवून घेतल्यासारख्या सपाट झालेल्या. मी म्हटलं माझा मोठा यांच्यापेक्षा मोठा आहे. काकांनी बाटली डोळ्यापाशी धरून बघितली, म्हणाले, "असेल. पण हे पाच होते." आणि बाटली कानाशी नेऊन जराशी हलवली.